कल्पनेचा सातबारा : फी उतरली, मुदती आवळल्या

मागच्या महिन्यात या सदरात पेटंटच्या २०२४ च्या नियमबदलांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. निम्म्या पत्रांत एकच सूर : ‘पेटंट स्वस्त झालंय म्हणे, मग आमचंही करून टाका.’ स्वस्त झालंय हे खरं आहे. पण गेल्या दहा वर्षांत सरकारनं लहान माणसाला पैशात जेवढी सूट दिली, तेवढ्याच हातानं मुदतीही आवळत नेल्या. माझ्याकडे येणाऱ्या वर्कशॉपवाल्यांना पाच हजार रुपये उभे करता येतात. ज्या दिवशी करायचं त्या दिवशी करायला फुरसत नसते. यातली बहुतेक पत्रं त्याच दुखण्याची आहेत. पाच-सहा निवडली आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि यंत्रांचं वर्णनही ज्यांनी स्वतः चारचौघांत केलंय त्यांचंच दिलं आहे. इतरांचं का गाळलं, ते पहिल्या पत्रात कळेल.

प्रश्न : माझी सव्वादोन एकर थॉमसन द्राक्षं आहेत. घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवायला माणसं मिळत नाहीत, आणि मगातून सांडून द्रावण वाया जातं ते वेगळंच. म्हणून पाठीवरच्या पंपाला जोडायचा एक पेला केला. घडाखाली धरायचा, खटका दाबला की भरतो, सोडला की उरलेलं द्रावण परत टाकीत. गेल्या डिसेंबरात कृषी प्रदर्शनात मांडला, पोरानं व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला. चाळीस जणांनी मागणी नोंदवली. आता पेटंट घ्यायचं आहे. अमेरिकेतला मेहुणा म्हणतो, दाखवल्यावर वर्षभर मुदत असते. यंदा आणखी एक सुधारणा केली आहे, ती अजून कुणी पाहिलेली नाही.
— द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : दादा, वाईट बातमी आधी सांगते. डिसेंबरात जो पेला लोकांनी पाहिला, त्याचं भारतात पेटंट मिळणार नाही. अर्जाच्या तारखेला वस्तू जगात कुठेही जाहीर झालेली नसावी, ही पहिली अट. ती जाहीर तुम्हीच केलीत, हे कायदा बघत नाही. पेटंट कार्यालयाचा परीक्षक तुमच्याच मुलाचा व्हिडिओ तुमच्याच विरुद्ध लावेल, वर किती तारखेला चढवला हेही लिहील.

प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण ती कलम ३१ ची. केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनाला हे कलम लागू केलं असेल तिथं मांडलं, आणि प्रदर्शन उघडल्यापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज केला, तरच. तालुक्या-जिल्ह्याला भरणाऱ्या प्रदर्शनांना, अगदी लाखांनी लोक येणाऱ्यांनाही, ही अधिसूचना आपोआप लागत नाही. स्टॉल बुक करताना संयोजकांना हा एकच प्रश्न विचारा आणि त्यांचा चेहरा बघा. २०२४ च्या नियमांत या सवलतीसाठी फॉर्म ३१ नावाचा नवा अर्ज आला, त्यावरून ‘आता वर्षभर मुदत मिळते’ अशी बातमी बरीच फिरली. फॉर्म नवा आहे. सवलत तीच, तेवढीच अरुंद.

मेहुण्यांचं त्यांच्या गावापुरतं बरोबर आहे. अमेरिकेत संशोधकानं स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर ते जाहीर करणं त्याच्या आड येत नाही. १६ मार्च २०१३ पासून त्यांनीही ‘आधी कुणी शोधलं’ हा जुना हिशेब सोडून ‘आधी अर्ज कुणाचा’ हा धरला, पण हे एक वर्ष ठेवलं. म्हणजे गेल्या डिसेंबरात ज्या तारखेला दाखवलंत, तीच तारीख येत्या डिसेंबरात यायच्या आत तुम्हाला तिकडे अर्ज करता येईल. त्याआधी मात्र भारतात राहणारा म्हणून तुम्हाला इथल्या पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते; परस्पर बाहेर अर्ज टाकायचा नाही. आणि खर्च डॉलरमध्ये. कॅलिफोर्नियातले बागायतदार तुमचा पेला हातात धरून वेलीखाली फिरणार आहेत का, याचा विचार मेहुण्यांबरोबर बसून करा. माझं मत विचाराल तर तो पैसा बागेत घाला.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. ती वाचून मी खुर्चीत सरळ झाले. कुणीही न पाहिलेली सुधारणा अजून तुमची आहे. ती घड बुडवायच्या हंगामाआधी, म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत, प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करून नोंदवा. फी १,६०० रुपये. स्वतः करता येतो, एजंट लागतोच असं नाही. ऑनलाइन करायला डिजिटल सही लागते. नाहीतर मुंबईला अँटॉप हिलच्या कार्यालयात कागदावर १,७५० रुपयांत. त्या दिवशीची तारीख तुमची झाली. पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचं सगळं लेखी वर्णन, द्यायला त्यापुढे बारा महिने मिळतात.

एक मात्र जपा. प्रोव्हिजनल म्हणजे जागा अडवायला टाकलेला रुमाल, असं समजून लोक दोन ओळी लिहितात. माझ्याकडे एकजण प्रोव्हिजनल घेऊन आले होते, त्यात अक्षरशः एवढंच होतं : ‘द्रावण वाचवणारे सुधारित यंत्र, सोबत फोटो.’ फोटोत यंत्राशेजारी त्यांचा नातू उभा होता. तारीख मिळते ती लिहिलेल्या गोष्टीला. प्रत्येक भाग काय करतो, कशाला जोडलाय, माप किती, दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं केला तरी चालेल, हे सगळं त्यात आलं पाहिजे. आणि तुमच्या सुधारणेनं तुमच्याच जुन्या पेल्यापेक्षा काय वेगळं साधलं, हे दाखवावं लागेल, कारण जुना पेला आता सगळ्या जगाचा झालाय. एका एकराला द्रावण आधी किती लिटर लागायचं आणि आता किती लागतं, हे येत्या हंगामात मोजून वहीत लिहा. ती वही पुढे कामाला येईल. मुलाला सांगा, अर्ज होईपर्यंत नवीन व्हिडिओ नको.

प्रश्न : आम्हा दोघा भावांचे चोवीस यंत्रमाग आहेत. बाण्याचा धागा तुटला की माग थांबवणारी एक स्वस्त जोडणी धाकट्यानं बनवली. एका सल्लागारानं पेटंटचे दीड लाख सांगितले. खरोखर सरकारी फी किती? अर्ज फर्मच्या नावानं करावा की आमच्या? आणि घाई आहे का?
— इचलकरंजी

उत्तर : सरकारी फी सांगते, तुम्हीच बेरीज करा. अर्ज १,६०० रुपये. परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८, चार हजार. झाले ५,६००. पानं तीसपेक्षा जास्त गेली तर पानाला १६०, क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ते सांगणारी कलमं, दहापेक्षा जास्त तर क्लेमला ३२०. मंजूर झाल्यावर तिसऱ्या वर्षापासून दरवर्षीची नूतनीकरण फी : सहाव्यापर्यंत ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८००, विसाव्यापर्यंत ८,०००. वीस वर्षं पूर्ण ठेवलंत तर नूतनीकरणाचे ७६,८००. मोठ्या कंपनीला हे सगळे आकडे पाचपट. लघुउद्योगाला पूर्वी अर्जालाच चार हजार आणि परीक्षणाला दहा हजार पडायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना एकट्या माणसाच्या दरात आणलं.

त्या दीड लाखात बाकीचं काय, तर मसुदा लिहिणाऱ्याची मजुरी. ती महाग असते, मीही घेते, त्याबद्दल तक्रार करू नका. पण कागदावर फोड करून मागा : शोध किती, मसुदा किती, परीक्षकाच्या हरकतींना उत्तर किती. ‘पेटंट मिळवून देण्याचे’ असा एकच आकडा जो सांगतो त्याच्याकडून उठून या. मंजुरीची हमी कुणीच देऊ शकत नाही.

नावाबद्दल. दोघांनी व्यक्ती म्हणून अर्ज केला तरी फी तीच, लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या फर्मला तसं सांगणारा फॉर्म २८ जोडून तीच. म्हणजे फीच्या दृष्टीनं फरक नाही. फरक पुढे आहे. दोघांच्या नावानं पेटंट म्हणजे सामाईक विहीर. प्रत्येकाला आपल्या रानाला पाणी घेता येतं, दुसऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही. पण तिसऱ्याला पाणी विकायचं, म्हणजे परवाना द्यायचा किंवा आपला हिस्सा विकायचा, तर दुसऱ्याची संमती लागते. आज एका ताटात जेवता म्हणून हे सोडून देऊ नका. पन्नास-पन्नास की कसं, आणि माग वेगळे झाले तर काय, हे पाचशेच्या स्टँपवर आत्ताच लिहून ठेवा. शोध धाकट्याचा असेल तर शोधक म्हणून नाव त्याचं एकट्याचं घाला. थोरल्यानं पैसे घातले म्हणून तो शोधक होत नाही. अर्ज चालू असताना तो एखाद्या मोठ्या कंपनीला विकलात, तर वाचवलेल्या फीचा फरक भरावा लागतो, हेही सौदा करताना धरा.

घाई? आहे. फॉर्म १८ भरायला पूर्वी ४८ महिने होते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ३१ महिनेच. आणि ते मोजायचे पहिल्या तारखेपासून, म्हणजे प्रोव्हिजनल टाकला असेल तर त्या दिवसापासून. मोठ्या कंपनीत तारखा सांभाळायला माणसं असतात. तुमच्याकडे दिवाळीचा बोनस, वीजबिल आणि सुताचा भाव सांभाळणारा माणूसच तारीखही सांभाळतो. मला हा बदल पटलेला नाही. चार वर्षांत माल बाजारात चालतो का बघून मग परीक्षणाचे पैसे घालावेत, ही लहान माणसाची सोय होती. ती दीड वर्षानं कापली. पण नियम नियम आहे. माझा सल्ला : फॉर्म १८ पूर्ण विनिर्देशाबरोबरच भरून टाका, चार हजारांसाठी तारीख अंगावर ठेवू नका. निकाल लवकर हवा असेल तर लघुउद्योगाला जलद परीक्षण मागता येतं, त्याचे चार हजारांऐवजी आठ हजार, वर लवकर प्रसिद्धीचे अडीच हजार.

प्रश्न : सासूबाईंच्या हातच्या गोडा मसाल्याचं पेटंट मिळेल का? बचत गटातर्फे विकतो.
— नाशिक

उत्तर : नाही मिळणार ताई, आणि मिळालं असतं तरी घेऊ नका म्हटलं असतं. नुसत्या मिश्रणाला कायदा पेटंट देत नाही, पारंपरिक ज्ञानालाही देत नाही. शिवाय पेटंट म्हणजे अख्खी कृती छापून जगाला देणं. सासूबाईंनी दगडफूल किती घातलं हे सरकारी संकेतस्थळावर वाचायला मिळालं तर तुमच्या हातात काय उरलं?

उलट्या बाजूनं हेच तत्त्व आपल्याला तारतं. हळद जखमेवर लावतात, याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आपल्या आज्यांनी फुकट केलेलं काम तिथं पुरावा म्हणून उभं राहिलं.

तुम्हाला हवाय तो ट्रेडमार्क. नावाचा आणि पाकिटावरच्या चिन्हाचा. लहान उद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन ४,५०० रुपये. मसाला कुणीही करेल, तुमच्या नावानं कुणी करू नये एवढंच बघायचं.

प्रश्न : व्हॉल्व्ह बॉडीचं कास्टिंग एकदा पकडलं की न सोडता तिन्ही तोंडांना ड्रिल करता येईल, असं फिरतं फिक्श्चर आम्ही बनवलं. आधी तीनदा पकडावं लागायचं. अर्ज केला, आता एफईआर, म्हणजे परीक्षकाचा पहिला तपासणी अहवाल, आला आहे. परीक्षक म्हणतात, यात शोधाचं पाऊल नाही, कसबी माणसाला सहज सुचेल असं आहे. दोन कागद लावलेत, एक जुना जर्मन आणि एक चिनी. सहज सुचेल असं असतं तर तीस वर्षं शिरोलीत कुणाला का नाही सुचलं?
— शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मला माझे वडील आठवले. उद्यमनगरात आमचं दोन लेथचं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनाचे लायनर बोअर करायला त्यांनी एक फिक्श्चर केलं होतं, त्याचं ड्रॉइंग कागदावर कधी नव्हतंच. शटरच्या आतल्या बाजूला खडूनं काढलेलं होतं. रात्री शटर ओढलं की ते पुन्हा दिसायचं, आणि मी त्याच्यासमोर बसून गणितं सोडवायची. एक गिऱ्हाईक चहा पीत त्या शटरकडे बघत उभा राहिलेला मला आठवतो. तीन महिन्यांनी पलीकडच्या गल्लीत तसंच फिक्श्चर फिरायला लागलं. आई चिडली. वडील म्हणाले, ‘बघितलं त्यानं. चोरलं कुठं?’ पुढे मी कायदा शिकले तेव्हा कळलं, ते बरोबर होते. उघड्यावर ठेवलेलं बघायला बंदी नाही.

तुमच्या परीक्षकाच्या मागे एक निकाल उभा आहे, तो प्रत्येक वर्कशॉपवाल्यानं माहीत करून घ्यावा. मिर्झापूरला पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी करणारा एक कारखाना होता. भांडं लेथवर घासताना पकडून ठेवायच्या एका युक्तीचं त्यांनी पन्नासच्या दशकात पेटंट घेतलं. दुसऱ्या भांडीवाल्यानं ती वापरली, दावा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एकल न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, खंडपीठानं ते उचलून धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा रद्द केलं. म्हणणं असं, की ही नुसती कार्यशाळेतली सुधारणा आहे. जुन्या माहितीच्या भागांना थोडं इकडचं तिकडे केलं, त्याला शोध म्हणता येत नाही. तेव्हाच्या कायद्यानं पेटंट सोळा वर्षांचं असायचं. म्हणजे निकाल लागेपर्यंत त्याची मुदतही केव्हाच उलटून गेली होती. निकालाचं तत्त्व मला मान्य आहे. पण मिर्झापूरच्या त्या लेथवर ज्यानं भांडं पहिल्यांदा घट्ट धरलं, तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता तुमचं उत्तर कसं लिहायचं. ‘उपयुक्त आहे, मागणी आहे, कुणाला सुचलं नाही’ हे परीक्षकाला सांगून उपयोग नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून व्याख्या अशी आहे : तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही, आणि वर ते कसबी माणसाला उघड नसावं. म्हणून दोन्ही कागद समोर घ्या. जर्मन कागदात कास्टिंग फिरतं, पण फिरवताना पकड सैल करावी लागते का? चिनी कागदात पकड कायम राहते, पण किती तोंडांना? दोन्ही एकत्र जोडायला गेलं तर काय आड येतं, आणि तुम्ही ते कशानं सोडवलंत? त्या ‘कशानं’मध्ये तुमचं पेटंट आहे. फोनवर तुम्ही सांगितलंत, फिरवल्यावर अर्धा डिग्रीही ढिलाई राहत नाही. मग ती कशी राहत नाही, कुठली पिन, कुठला टेपर, हे पहिल्या क्लेममध्ये का नाही? मी तुमचे क्लेम वाचले. पहिला क्लेम इतका ऐसपैस आहे की त्यात आमच्या शटरवरचं फिक्श्चरसुद्धा बसेल. तो आवळा. मात्र मूळ विनिर्देशात जे लिहिलंय त्याच्या बाहेरचं काही नव्यानं घालता येत नाही, हे ध्यानात ठेवा. तीन पकडींचा वेळ आणि एका पकडीचा वेळ, शंभर नगांमागे रिजेक्शन आधी किती आणि आता किती, हे आकडे सहीनिशी जोडा. उत्तराला सहा महिने आहेत, आणखी तीन फी भरून मागता येतात. मागू नका.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. तुमच्याविरुद्ध लावलेला तो चिनी कागद पेटंट नाहीच. तो तिकडचा युटिलिटी मॉडेल आहे, आपण त्याला ‘छोटं पेटंट’ म्हणू. तुमच्यासारखंच एखादं वर्कशॉप असेल, त्यांनी तुमच्यासारखंच फिक्श्चर केलं, आणि तिथल्या कायद्यानं सखोल परीक्षण न करता दहा वर्षांचा कागद देऊन टाकला. जर्मनीत अशी सोय १८९१ पासून आहे. आपल्याकडे केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागानं २०११ मध्ये यावर चर्चापत्र काढलं होतं. कायदा मात्र आला नाही. म्हणजे त्यांच्या वर्कशॉपातल्या सुधारणेला तिथं दाखला मिळतो, आणि तोच दाखला इथं तुमच्या सुधारणेला अडवतो.

हा कायदा यावा असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. हल्ली माझा आवाज थोडा उतरलाय. न तपासता कागद मिळायला लागला की पहिला गठ्ठा मोठ्यांचाच येईल, आणि उद्या उद्यमनगरात चार बोल्ट इकडचे तिकडे केले तरी नोटीस येईल, अशी भीती वाटते. तरीही आला तर बरा, मुदत सहा-सात वर्षं, आणि दावा करण्यापूर्वी परीक्षण सक्तीचं, एवढी अट घालून. तोवर तुमच्यासाठी दुसरी एक वाट आहे. फिक्श्चरचा दिसणारा आकार वेगळा असेल आणि तो अजून बाहेर दाखवलेला नसेल, तर डिझाइन नोंदवा. दहा वर्षं मिळतात, पुढे पाच वाढतात. ते फक्त रूपाला, कामाला नाही.

जाता जाता : आपल्या देशातला पहिला पेटंट अर्ज १८५६ मध्ये कलकत्त्याला झाला. कशाचा? पंखा ओढायच्या यंत्राचा. तो आजच्या परीक्षकापुढे आला असता तर काय झालं असतं, असं मला अनेकदा वाटतं.

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. माझ्या कल्पनेवर कंपनीनं पेटंट अर्ज केला, त्यात शोधक म्हणून साहेबांचं नाव आहे. काय करता येईल?
— एक कामगार

उत्तर : मालकी आणि नाव या दोन गोष्टी आहेत. नोकरीत लागलेल्या शोधाची मालकी कुणाची, याबद्दल आपला पेटंट कायदा काही बोलत नाही. तुमच्या नेमणूकपत्रावर ते ठरतं, आणि त्यात बहुधा ‘सर्व हक्क कंपनीचे’ असं असतंच. पण शोधक म्हणून नाव हा तुमचा हक्क आहे. कलम २८ खाली फॉर्म ८ भरून, पेटंट मंजूर होण्यापूर्वी, नाव घालायची मागणी करता येते. २०२४ पासून शोधकाला तसं प्रमाणपत्रही मागता येतं. प्रमाणपत्रानं पगार वाढत नाही. पण भिंतीवर लावता येतं, आणि दुसरीकडे मुलाखतीला नेता येतं. पुरावा गोळा करा : शिफ्टच्या वहीतली नोंद, सुधारणा सुचवल्याचा कायझेनचा कागद, साहेबांना पाठवलेला मेसेज. भांडायच्या आधी एकदा साहेबांशी नीट बोला. कधी कधी खरोखर विसरलेलं असतं. कधी कधी.

प्रश्न : नारळ सोलायच्या माझ्या यंत्राला पेटंट मिळून काही वर्षं झाली. नूतनीकरणाची फी आमचे एजंट भरायचे. त्यांनी काम बंद केलं, मला कळवलंच नाही. गेल्या वर्षी जूनच्या दहा तारखेची फी राहिली. आता ऑक्टोबरात एका गिऱ्हाईकानं संकेतस्थळावर पाहून सांगितलं की पेटंट रद्द झालंय. सगळं गेलं का? शिवाय दरवर्षीचा तो फॉर्म २७ही दोन वर्षं भरलेला नाही. तुरुंगात जावं लागेल का?
— फोंडा, गोवा

उत्तर : भाऊ, आधी श्वास घ्या. तुरुंग नाही. फॉर्म २७, म्हणजे पेटंट वापरात आहे का याचं निवेदन, न भरल्यास आजही दंड आहे. खोटी माहिती दिली तर पूर्वी कैदेचीही तरतूद होती, ती २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं काढली. आणि हे निवेदन २०२४ पासून दरवर्षी नाही, तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचं आहे. मोठ्या कंपन्यांना याचं फारसं काही वाटत नाही, पण दरवर्षी एका पानासाठी एजंटला पैसे मोजणाऱ्या तुमच्यासारख्याचा त्यात खरा फायदा झालाय. हा बदल मी मनापासून चांगला म्हणते.

फीचं मात्र गंभीर आहे. दहा जूनला भरायची राहिली, पुढे सहा महिने ज्यादा फी भरून भरता आली असती, तीही मुदत डिसेंबरात गेली. आता एकच दार उरलं : कलम ६० खाली पुनःस्थापनेचा अर्ज. तो पेटंट बंद पडल्यापासून अठरा महिन्यांच्या आत करावा लागतो. आणि बंद पडलं ते गेल्या वर्षीच्या दहा जूनपासून धरतात, डिसेंबरपासून नाही. इथं बहुतेक जण चुकतात. म्हणजे तुमची शेवटची तारीख या वर्षीची दहा डिसेंबर.

फी मुद्दाम चुकवली नाही आणि कळल्यावर उगाच वेळ काढला नाही, हे दोन्ही पटवावं लागतं. म्हणून गिऱ्हाईकानं कुठल्या तारखेला सांगितलं ते लिहा, त्याचा मेसेज जपा, एजंटांना केलेले फोन, परत आलेली पत्रं, मागच्या वर्षांच्या पावत्या, सगळं लावून प्रतिज्ञापत्र करा. मधल्या काळात कुणी तुमचं यंत्र बनवायला घेतलं असेल तर त्या काळापुरता त्याच्यावर दावा लावता येणार नाही. ते सोडून द्या. पुनःस्थापना झाली की एकदम चार वर्षांची फी आगाऊ, ऑनलाइन भरा. २०२४ च्या नियमांनी त्यावर दहा टक्के सूट आहे. आणि पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत पत्ता तुमच्या घरचा घाला, एजंटचा नको.

हा अंक हातात पडेपर्यंत नोव्हेंबर निम्मा उलटलेला असेल, म्हणून तुमचं उत्तर मी आधीच वेगळं पोस्टानं पाठवलं आहे, सोबत पुनःस्थापनेच्या फॉर्म १५ चा नमुना भरून. सही तेवढी करायची आहे, तिसऱ्या पानावर पेन्सिलनं खूण केली आहे.